परवडणारी दुनळी रायफल कशी निवडावी: आफ्रिकेत पहिल्या मोठ्या शिकारीला निघालेल्यांसाठी

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली आणि ते योग्यच झालं. त्यामुळे हा लेख भारतात बसून रायफल शोधणाऱ्यांसाठी नाही. जी मराठी मंडळी दक्षिण आफ्रिकेत, अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात किंवा युरोपात स्थायिक आहेत, ज्यांच्याकडे तिथला रीतसर शस्त्रपरवाना आहे आणि आफ्रिकेत परवान्यावर केप बफेलोची, म्हणजे तिथल्या रानरेड्याची शिकार करायचं ज्यांच्या मनात आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. मी प्रिटोरियात राहतो. दर दोन-तीन महिन्यांनी कुणाचा तरी फोन येतो, "दादा, दुनळी घ्यायची आहे, पण बजेट बेताचं आहे. कुठली घेऊ?" फोनवर निम्मं सांगायचं राहून जातं. म्हणून एकदा सगळं बैजवार लिहून ठेवतो.

दुनळी रायफल म्हणजे एका दस्त्यावर बसवलेल्या दोन स्वतंत्र रायफली. दोन नळ्या, दोन चाप आणि आतली यंत्रणाही दोन. पुढचा चाप उजव्या नळीचा, मागचा डाव्या नळीचा. पहिलं काडतूस फुटलं नाही किंवा पहिली गोळी कमी पडली, तर बोट दीड-दोन सेंटीमीटर मागे सरकवायचं, बस्स. बोल्ट, म्हणजे साध्या रायफलीत नवं काडतूस भरणारी दांडी, मागे-पुढे करायचा नाही, रायफल खांद्यावरून हलत नाही. जखमी रेडा झुडपात शिरलाय आणि तुमच्यापासून वीस पावलांवर आहे, अशा वेळी ह्या दीड सेंटीमीटरची किंमत कळते.

पण ह्या रायफलीची किंमत वाढते ती वेगळ्याच कारणाने. दोन नळ्या शेजारी शेजारी ठेवून नुसत्या जोडल्या, तर दोघींच्या गोळ्या एका जागी पडत नाहीत. बार उडाला की रायफल वर उचलते आणि शिवाय बाजूला झुकते, उजव्या नळीने उजवीकडे, डावीने डावीकडे. गोळी तोंडातून बाहेर पडेपर्यंत हे झुकणं सुरू झालेलं असतं. म्हणून कारागीर नळ्यांची तोंडं एकमेकींकडे किंचित वळवून झाळतो, मैदानात जाऊन बार काढतो, परत येऊन डाख वितळवतो, तोंडाशी बसवलेली पाचर केसभर सरकवतो, पुन्हा झाळतो, पुन्हा बार काढतो. दोन्ही नळ्यांच्या गोळ्या ठरलेल्या अंतरावर शेजारी शेजारी पडेपर्यंत हे चालू असतं. ह्याला रेग्युलेशन म्हणतात. दुनळी घेताना पैसे मोजायचे ते ह्या कामाचे. दस्त्यावरच्या अक्रोडाच्या रेषा, बाजूला कोरलेला हत्ती, चामड्याची पेटी हे सगळं त्याच्या नंतर येतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या ह्या एकाच गोष्टीकडे जाणाऱ्या आहेत.

१. दुनळी खरंच हवी आहे का, हे ठरवा

आयुष्यात एकदाच बफेलोच्या शिकारीला जायचं असेल, तर ३७५ एच अँड एच मॅग्नम ह्या काडतुसाची चांगली बोल्ट रायफल घ्या. १९१२ पासून हे काडतूस आफ्रिकेत चालत आलंय, आफ्रिकेतल्या बहुतेक शिकारी देशांत ते मिळतं, दुर्बीण लावून दीडशे मीटरवर इम्पाला हे हरणही टिपता येतं. दुनळी ही साधारण पन्नास-साठ मीटरच्या आतली रायफल आहे. जवळ जाऊन, पायी माग काढत शिकार करायची ज्याला खरोखर ओढ आहे आणि वर्षभर सराव करायची ज्याची तयारी आहे, त्यानेच ह्या वाटेला जावं. हौसेपोटी घेतलेली दुनळी तिजोरीत पडून राहते, आणि सराव नसलेल्या हातात ती धोक्याची ठरते. हे मी अगदी कळकळीने सांगतो.

२. कागदपत्रं आधी, रायफल नंतर

दक्षिण आफ्रिकेत फायरआर्म्स कंट्रोल ॲक्ट, २००० लागू आहे. इथल्या परवान्यासाठी नागरिकत्व किंवा कायम वास्तव्याचा परवाना लागतो. नुसत्या वर्क व्हिसावर आलेल्या आपल्या अनेक मुलांना हे माहीतच नसतं आणि ते दुकानात बयाणा देऊन मोकळे होतात. आधी कॉम्पिटन्सी सर्टिफिकेट (शस्त्र हाताळण्याच्या पात्रतेचा दाखला), मग त्या विशिष्ट रायफलीचा परवाना, आणि घरी ठरलेल्या मानकाची तिजोरी. परवाना हातात येईपर्यंत रायफल विक्रेत्याकडेच राहते, तेव्हा व्यवहाराच्या कागदावर "परवाना नाकारल्यास पैसे परत" हे वाक्य लिहून घ्या.

बाहेरच्या देशातून शिकारीपुरती रायफल घेऊन येणाऱ्यांना दक्षिण आफ्रिकी पोलिसांचा एसएपीएस ५२० हा अर्ज भरून तात्पुरता आयात परवाना घ्यावा लागतो.

आणि एक कळकळीची विनंती. रायफल, शिंग, कातडं यातलं काहीही भारतात गावी न्यायचा विचार करू नका. दोन्हीकडचे कायदे त्यात गुंतलेले आहेत आणि विमानतळावर उभं राहून ते समजावून घेण्यात अर्थ नाही.

३. बोअर निवडा

बोअर म्हणजे नळीच्या आतल्या छिद्राचं माप, आणि काडतूसही त्याच नावाने ओळखलं जातं. ४५० म्हणजे साधारण ०.४५० इंच. इथे आपला एक जुना संबंध येतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोठ्या शिकारीसाठी ४५० बोअर लोकप्रिय होतं. मार्टिनी-हेन्री ह्या लष्करी रायफलीचं बोअरही ४५०च होतं, आणि त्या रायफली बंडखोरांच्या हाती पडत होत्या. काडतुसं त्यांना मिळू नयेत म्हणून ब्रिटिश सरकारने १९०७च्या सुमारास भारतात आणि सुदानमध्ये खाजगी वापरासाठी ४५० बोअरवर बंदी घातली. लंडन-बर्मिंगहॅमच्या कारखानदारांचं भारतातलं गिऱ्हाईक मोठं होतं. त्यांनी भराभर ४६५, ४७०, ४७५, ४७६ अशी नवी बोअर काढली. त्यांतलं जोसेफ लँगचं ४७० नायट्रो एक्सप्रेस इतर कारागिरांनीही उचललं आणि तेच टिकलं. आज ज्या बोअरच्या दुनळ्या आणि काडतुसं सहज मिळतात, ते भारतातल्या बंदीमुळे जन्मलेलं आहे.

४७० नायट्रोची गोळी ५०० ग्रेनची (ग्रेन हे गोळी आणि दारू तोलायचं बारीक वजनमाप), वेग सेकंदाला २१५० फूट, ऊर्जा साधारण ६९५० ज्यूल. रायफलीचं वजन पाच किलोच्या आसपास. धक्का ३७५च्या दीडपटीहून जास्त. बफेलोसाठी आणि हत्तीसाठीही पुरेसं. पहिली दुनळी घेणाऱ्या धडधाकट माणसाला मी हेच सुचवतो, कारण काडतूस मिळतं आणि पुढे विकायची वेळ आली तर गिऱ्हाईकही मिळतं.

४५०/४०० हे त्याहून सौम्य. ४०० ग्रेनची गोळी, रायफल हलकी, खांद्याला सुसह्य. सडपातळ बांध्याच्या माणसांच्या हातात ती फार छान बसते. पण एक खाचखळगा ध्यानात ठेवा. नामिबियात बफेलोसाठी किमान ऊर्जा ५४०० ज्यूल ठरवलेली आहे. ४५०/४००चं हॉर्नडीचं तयार काडतूस २०५० फूट वेगाने जातं, म्हणजे ५०६० ज्यूलच्या आसपास. अंगावर येणाऱ्या रेड्याला हा फरक कळणार नाही, पण परवाना तपासणाऱ्याला कळेल. तुम्ही कुठल्या देशात जाणार, तिथल्या प्रोफेशनल हंटरकडून, म्हणजे तुम्हाला शिकारीला नेणाऱ्या परवानाधारक वाटाड्याकडून, बोअर चालेल असं लेखी मागवा आणि मगच खरेदीला लागा.

९.३×७४आर हे जर्मन काडतूस सगळ्यात स्वस्त दार. युरोपात रानडुकरांच्या हाक्यासाठी ह्या बोअरच्या दुनळ्या भरपूर बनल्या, म्हणून जुन्या बाजारात त्या परवडतात. कुडू, एलँड ही मोठी हरणं आणि डुक्कर ह्यांना उत्तम. पण ऊर्जा ४८०० ज्यूलच्या घरात, आणि बहुतेक ठिकाणी धोकादायक जनावरांसाठी ३७५ हा किमान मानला जातो. म्हणजे दुनळी शिकायला उत्तम, बफेलोला नको.

५०० नायट्रो आणि त्यावरची बोअर पहिल्या खरेदीत पूर्ण टाळा. आणि कडेचं काडतूस निवडा, म्हणजे ज्याच्या बुडाला बाहेर आलेली कड असते ते. कड पकडून काडतूस ओढायला दुनळीला सोपं जातं. बिनकडेच्या काडतुसासाठी बारीक स्प्रिंगची नखं बसवावी लागतात. धुळीत, घाईत तीच आधी दगा देतात.

४. कुठली बनावट पाहावी

लंडनच्या नव्या साइडलॉकची (यंत्रणा बाजूच्या पट्ट्यांवर बसवलेल्या रायफलींची) गोष्टच सोडा, त्या लाख पौंडांच्या पुढे सुरू होतात. आपल्याला पाहायच्या त्या बॉक्सलॉक (यंत्रणा मधल्या पोलादी ठोकळ्यात बसवलेल्या), शक्यतो वापरलेल्या. जर्मनीत झूलची मेर्केल १४०, ऊल्मची क्रीगहॉफ बिग फाइव्ह, थुरिंगियातली हाइम ८८बी. फ्रान्समध्ये शापुई आणि सेंट एतिएनची व्हर्नी-कारों. इटलीत साबात्ती. ह्यांत हाइम सगळ्यात महाग, पण वापरलेली चांगल्या अवस्थेत मिळाली तर डोळे झाकून नाही, डोळे उघडे ठेवून घ्या. क्रीगहॉफच्या दस्त्याच्या मानेवरची कळ ही सेफ्टी, म्हणजे चाप अडवणारी कळ, नाही. ती पुढे ढकलली की रायफल चढते, म्हणजे बार काढायला तयार होते, आणि ढकलायला अंगठ्याचा चांगला जोर लागतो. काहींना हे अतिशय सुरक्षित वाटतं, काहींचा अंगठा ऐनवेळी अडखळतो. दुकानात वीस वेळा करून बघा. ह्याच रायफलीत तोंडाशी सरकवता येणारी पाचर असते, त्यामुळे रेग्युलेशन बिघडलं तर दुरुस्त करणं सोपं, हा तिचा मोठा गुण.

वापरलेल्या मेर्केल, क्रीगहॉफ, शापुई साधारण पाच ते दहा हजार अमेरिकन डॉलरच्या पट्ट्यात शोधाव्यात. जुन्या इंग्लिश बॉक्सलॉकही कधी कधी ह्या पट्ट्यात दिसतात. त्यांच्या नळ्यांच्या बुडाशी, सपाट भागावर "कॉर्डाइट ७५-५००" असं कोरलेलं सापडेल. त्याचा अर्थ, ही नळी ७५ ग्रेन कॉर्डाइट (त्या काळची बिनधुराची दारू) आणि ५०० ग्रेनच्या गोळीसाठी पारखलेली आहे. हा तिचा जन्मदाखला. मात्र त्या काळच्या काडतुसांच्या बुडातल्या, ठिणगी पाडणाऱ्या क्षारयुक्त कॅपांनी आतून खड्डे पडलेले असू शकतात, आणि पातळ जुन्या नळ्यांमधून आजच्या अखंड धातूच्या कडक गोळ्या मारू नयेत. आतले आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या पिळदार खाचा, नळीच्या बाहेरच्या अंगावर उमटलेले मी पाहिले आहेत.

५. हातात घेऊन तपासा

पहिली दुनळी घेताना मी ही पायरी गाळली. जुनी ४७० होती, दस्त्याचं लाकूड मधासारखं, किंमत इतरांपेक्षा बरीच कमी. विक्रेता म्हणाला, "मैदानावर नेण्याची गरज नाही, आधीचा मालक हिच्याने तीन रेडे मारून गेलाय." मी पैसे दिले. परवाना आल्यावर पन्नास मीटरवर कागद लावला, तर उजवीची गोळी डावीच्या गोळीपासून वीतभर लांब. दुसऱ्या कंपनीची काडतुसं आणली, तरी तेच.

शेवटी एका वृद्ध आफ्रिकान्स कारागिराकडे गेलो. इथे वडीलधाऱ्याला "ऊम" म्हणतात, म्हणजे आपल्या भाषेत काका. ऊमनी काही न विचारता नळ्या दस्त्यापासून वेगळ्या केल्या, पुढचं लाकूड काढलं, नळ्यांच्या खालच्या हुकात बोट अडकवून त्या हवेत लोंबकळत्या धरल्या आणि कानावरची लाकडी पेन्सिल काढून हलकेच टकटक केली. देवळातल्या घंटेसारखा स्वच्छ नाद यायला हवा होता. आला तो तडा गेलेल्या मडक्यासारखा, बद्द. दोन नळ्यांमधली पट्टी एका जागी सुटली होती आणि कुणीतरी ती घरगुती डाखाने चिकटवली होती. पुन्हा झाळून रेग्युलेशन करून घ्यायला रायफलीच्या किमतीचा तिसरा हिस्सा गेला. पेन्सिलीची टकटक मी दुकानात केली असती तर हे टळलं असतं.

तेव्हा पेन्सिल खिशात ठेवा, आणि हेही करा. पुढचं लाकूड काढून रायफल बंद करा, दस्ता काखेत धरा आणि नळ्या डावी-उजवीकडे हलवा. पुढचं लाकूड तसंच ठेवलं तर त्याची स्प्रिंग ढिलेपणा झाकते, म्हणून ते काढणं महत्त्वाचं. बिजागरीत जराही खडखड जाणवली तर पुढे बोलू नका. नळी उजेडाकडे धरून आतून पाहा. आटे कडेपर्यंत धारदार हवेत आणि कुठे काळी कडी दिसली तर नळी तिथे फुगलेली आहे.

दोन्ही नळ्यांत सरावाची नकली काडतुसं घाला, पुढचा चाप ओढा, मग दस्त्याचं रबरी बूड लाकडी जमिनीवर नेटाने आपटा. दुसरी बाजू, म्हणजे मागच्या चापाचा घोडा, आपोआप पडता कामा नये. ती पडली तर प्रत्यक्षात एका झटक्यात दोन्ही बार उडतील, आणि ४७०चे दोन बार एकदम म्हणजे खांद्याचं हाड. चापामागे, मानेपाशी लाकडाला केसाएवढी चीर आहे का, हे बोटाने नाही, भिंगाने पाहा.

तोंडाकडूनही पाहा. स्वस्तात रेग्युलेशन उरकायचं तर नळीचं तोंड आतल्या कडेला एका बाजूने घासून गोळी वळवण्याची वाईट सवय काही ठिकाणी आहे. तोंडाची कड दोन्ही नळ्यांना चहूबाजूंनी सारखी हवी.

६. खांद्याला लावा

डोळे मिटा, रायफल खांद्याला आणा, गाल दस्त्यावर टेका, मग डोळे उघडा. माशी (नळीच्या टोकावरचा नेम धरायचा ठिपका) मागच्या रुंद, उथळ खाचेत आपोआप बसलेली दिसली पाहिजे. दर वेळी मान हलवून ती शोधावी लागत असेल तर दस्ता तुमच्या मापाचा नाही. युरोपातल्या रायफलींचे दस्ते उंच माणसांच्या मापाने केलेले असतात. आपल्यापैकी बऱ्याच जणांना ते एखाद-दोन सेंटीमीटर लांब पडतात. कापून घेता येतात, खर्च फार नाही. आखूड दस्ता लांब करणं मात्र कटकटीचं.

७. कागदावर, पैसे देण्याआधी

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच. विक्रेता मैदानावर यायला तयार नसेल तर रायफल कितीही गोड वाटली तरी सोडून द्या.

पन्नास मीटरवर पांढरा कागद. काडतुसं तीच, जी तुम्ही शिकारीला नेणार आहात. बसून बाकावर रायफल टेकवू नका. उभ्याने, छातीइतक्या उंच टेकूवर आपला डावा हात टेकवा आणि रायफल त्या हातात धरा. नळ्या थेट पोत्यावर टेकल्या तर त्या उसळून गोळ्या वर जातात. उजवी, लगेच डावी. मग रायफल उघडून ठेवा, नळ्या हाताला गार लागेपर्यंत थांबा. पुन्हा उजवी, डावी. गरम नळ्यांनी घेतलेली परीक्षा खोटी असते, आणि एकाच नळीने चार बार काढून "बघा, किती छान गट आला" म्हणणाऱ्याकडे लक्ष देऊ नका.

आता कागद वाचा. उजवीच्या दोन भोकांना "उ" लिहा, डावीच्या दोघांना "डा". चारही भोकं पाच सेंटीमीटरच्या वर्तुळात असतील तर रायफल उत्तम. सात-आठ सेंटीमीटरपर्यंत बफेलोसाठी चालेल. "उ" उजवीकडे आणि "डा" डावीकडे लांब पडत असतील तर काडतूस रायफलीच्या मानाने मंद आहे. गोळी नळीत जास्त वेळ राहते आणि झुकणं जास्त होतं. उलट "उ" डावीकडे आणि "डा" उजवीकडे, म्हणजे गोळ्या एकमेकींना ओलांडून गेल्या, तर काडतूस जास्त वेगवान आहे. दोन-तीन कंपन्यांची काडतुसं बदलून पाहिली की बऱ्याचदा जुळून येतं. नाहीच आलं, तर कारागिराकडचा खर्च किमतीतून वजा करा, नाहीतर नमस्कार करून बाहेर पडा.

कागदावर तारीख, काडतुसाची कंपनी, गोळीचं वजन आणि डब्यावरचा लॉट क्रमांक लिहा, घडी घालून रायफलीच्या पेटीत ठेवा.

८. उरलेले पैसे

तुमच्याकडे शंभर रुपये असतील तर रायफलीवर सत्तर खर्च करा. ४७०चं तयार काडतूस एकेक आठ डॉलरच्या पुढेच पडतं आणि डब्यात वीसच असतात. शिकारीआधी साठ-सत्तर तरी बार काढायला हवेत, एका दिवशी सहा-आठच्या वर नाही, नाहीतर डोळे मिटायची सवय लागते आणि ती सुटता सुटत नाही. घरी नकली काडतुसांवर रोज दहा मिनिटं. रायफल खांद्याला, पुढचा चाप, मागचा चाप, उघडणं, डाव्या हाताच्या बोटांत धरलेली दोन काडतुसं सरकवणं, बंद करणं. डोळे जनावराच्या जागी, हाताकडे नाहीत.

जी काडतुसं कागदावर जुळली त्याच लॉटचे तीन-चार डबे त्याच दिवशी घ्या. विमानाने जाताना काडतुसं वेगळ्या कुलूपबंद डब्यात आणि साधारणपणे ५ किलोच्या आत ठेवावी लागतात. दुनळीच्या नळ्या सुट्या होतात, त्यामुळे पेटी आखूड राहते आणि चेक-इनला कटकट कमी. पोचल्यावर पहिल्या दिवशी कॅम्पवर पुन्हा पन्नास मीटरवर उजवी-डावी एक जोडी काढा आणि जुन्या कागदाची घडी उलगडून शेजारी धरा.